समभुज चौकोनाचें क्षेत्रफळ आणि पाटणचा मठ

समभुज चौकोनाचें क्षेत्रफळ म्हणजे त्याच्या दोन कर्णांच्या गुणाकाराचें अर्ध, हें सूत्र पाठ नसलेला शाळकरी मुलगा महाराष्ट्रांत विरळाच. परीक्षेंत एक कर्ण ३० व दुसरा ४० दिला कीं तो ६०० हें उत्तर लिहून मोकळा होतो, आणि गुरुजीहि पुरे गुण देऊन मोकळे होतात. पण त्याच मुलास, 'समभुज चौकोनाची बाजू २५ आहे, तर क्षेत्रफळ किती?' असें विचारून पाहावें. पुष्कळ मुलें २५ ला २५ नें गुणून ६२५ असें सांगतील. कांहीं गप्प बसतील. 'गुरुजी, हा प्रश्नच अपुरा आहे. आणखी एक माप सांगा,' असें म्हणणारा वर्गांत एखादाच निघेल. त्या एखाद्याचा पक्ष घेण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों. कारण त्याचा पक्ष साक्षात् भास्कराचार्यांचा पक्ष आहे, आणि त्या आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून जो मठ निघाला तो आमच्या खानदेशांतला होता.

जळगांव जिल्ह्यांतील चाळीसगांवाच्या नैर्ऋत्येस सुमारें १० मैलांवर, सातमाळ्याच्या पायथ्याशीं, पाटण नांवाचें जुनें ठिकाण आहे. वर डोंगरांत पितळखोऱ्याचीं प्राचीन लेणीं आहेत. खालीं देवीचें स्थान आहे आणि त्यामुळें यात्रेकरू या जागेस पाटणादेवी म्हणून ओळखतात. आज झाडींत दडलेल्या या जागीं एके काळीं नांदता बाजार होता. येथील एका पडक्या देवळांत डॉ. भाऊ दाजी लाड यांस एक शिलालेख सांपडला व त्याची हकीकत त्यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडली. पुढें कीलहॉर्न या जर्मन पंडितानें त्याचें शुद्ध वाचन प्रसिद्ध केलें.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ मधील आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या अमलांत, त्याचे मांडलिक निकुंभ घराणें या भागांत राज्य करीत होतें. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाच्या दरबारीं मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे सिद्धान्तशिरोमणिप्रभृति ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापिला आणि निकुंभ सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनीं त्या मठास उत्पन्न लावून दिलें. लेखांत घराण्याची वंशावळहि दिली आहे. त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत, महेश्वराचा पुत्र भास्कर, भास्कराचा लक्ष्मीधर व लक्ष्मीधराचा चांगदेव अशी ती परंपरा आहे. याच तालुक्यांत गिरणेच्या कांठीं बहाळ येथें शके ११४४ चा दुसरा लेख आहे. तो भास्कराचार्यांचे बंधु श्रीपति यांच्या वंशांतील अनंतदेव ज्योतिष्याचा आहे. म्हणजे आचार्यांच्या पश्चात् दोन पिढ्या या घराण्याची विद्या चाळीसगांवच्या परिसरांत रुजली होती, हें दोन दगडांच्या साक्षीनें सिद्ध आहे.

पाटणच्या लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. परंतु शेवटचा भाग मराठींत आहे, आणि ज्ञानेश्वरीच्याहि आधींची ती मराठी आहे. श्लोकांतील वंशवर्णनापेक्षां आम्हांस हा मराठी भाग अधिक मोलाचा वाटतो. पंडितांसाठीं संस्कृत, पण जें बाजारांत पाळावयाचें तें लोकांच्या भाषेंत, असा हा व्यवहार आहे. बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावर मठास काय मिळावें, प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल कसें द्यावें, हें त्यांत सांगितलें आहे. आणि त्यांतच एक आज्ञा आहे, तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें आम्हांस वाटतें: येथें जें मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें, आणि मापणावळीचा अर्धा भाग मठाचा व अर्धा मापाऱ्याचा समजावा. गणिताची पाठशाळा आणि बाजाराचें माप हीं एकाच दगडावर एकत्र आलीं आहेत. ज्या मठांत क्षेत्र मोजण्याचें शास्त्र शिकवावयाचें, त्याच मठाचें माप बाजारांत प्रमाण मानावयाचें होतें.

आतां त्या मठांत शिकविल्या जाणाऱ्या ग्रंथाकडे वळूं. सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ आचार्यांनीं शके १०७२ त, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचिला. लीलावती हा त्याचाच पाटीगणिताचा भाग होय. लीलावती ही आचार्यांची कन्या, तिच्या लग्नाची घटका पाण्यांतल्या घटिकापात्रांत मोतीं पडल्यामुळें चुकली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अकबराच्या दरबारच्या फैजीनें १५८७ सालीं लीलावतीचें फारशी भाषांतर केलें, त्यांत ती आली आहे. गोष्ट गोड आहे. पण ज्या वाचकाची लीलावतीशीं ओळख या गोष्टीपुरतीच असेल त्यास ग्रंथाचा खरा रस कळला नाहीं असेंच म्हणावें लागेल. तो रस क्षेत्रव्यवहाराच्या प्रकरणांत आहे.

त्या प्रकरणांत समभुज चौकोनाचा नियम असा आहे. प्रथम एक कर्ण आपल्या इच्छेप्रमाणें धरावा. बाजूच्या वर्गाची चौपट करून तींतून त्या कर्णाचा वर्ग वजा करावा. बाकीचें वर्गमूळ काढलें कीं दुसरा कर्ण मिळतो. मग दोन कर्णांच्या गुणाकाराचें अर्ध हें क्षेत्रफळ. पाठोपाठ आचार्य उदाहरण घालतात: चारी बाजू २५ असलेल्या चौकोनाचे कर्ण व क्षेत्रफळ सांग. एक कर्ण ३० धरला तर २५ च्या वर्गाची चौपट २५००, त्यांतून ९०० गेले, राहिले १६००. दुसरा कर्ण ४० आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ धरला तर २५०० मधून १९६ जाऊन २३०४ राहतात. दुसरा कर्ण ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण सारखे घेतले तर आकृति चौरस होते आणि क्षेत्रफळ ६२५. बाजू त्याच, परिघ तोच १००. उत्तरें मात्र तीन.

उदाहरणासाठीं २५ हीच संख्या घेण्यांत आचार्यांची रसिकता दिसून येते. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांस काटकोनांत दुभागतात. म्हणून त्याचे चार सारखे काटकोन त्रिकोण पडतात आणि चौकोनाची बाजू हा त्यांचा कर्ण असतो. १५, २० व २५ हा असा एक त्रिकोण; ७, २४ व २५ हा दुसरा. ज्या पूर्णांकावर असे दोन निरनिराळे पूर्णांकी त्रिकोण उभे राहतात असा सर्वांत लहान पूर्णांक २५ हाच आहे. विद्यार्थ्यास अपूर्णांकांच्या काट्यांतून न ओढतां एकाच बाजूवर दोन भिन्न चौकोन डोळ्यांपुढें उभे करावयाचे असतील तर याहून सोपी संख्या नाहीं. नियमाची उपपत्तिहि येथेंच आहे. ते चार त्रिकोण कापून उचलावे आणि पुनः जुळवावे. एक संपूर्ण कर्ण ही लांबी आणि दुसऱ्या कर्णाचें अर्ध ही रुंदी, असा आयत तयार होतो. ४८ लांब व ७ रुंद, म्हणजे ३३६. शंकरपाळ्याच्या आकाराचा कागद घेऊन कात्रीनें कोणत्याहि मुलास हें पटवितां येईल.

परंतु नियम सांगणें हें आचार्यांच्या दृष्टीनें दुय्यम काम होतें. त्यांचा खरा रोख त्यापूर्वींच्या विवेचनांत आहे. चौकोनाच्या चार बाजू तेवढ्या सांगून, लंब किंवा कर्ण यांपैकीं एकहि न सांगतां, जो त्याचें निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो प्रश्न विचारणारा पिशाच्च होय. आणि अशा प्रश्नास जो उत्तर देतो तो त्याहूनहि मोठें पिशाच्च, कारण चौकोनाची आकृति बाजूंनीं ठरत नाहीं हें त्यास कळत नाहीं, अशा अर्थाचे त्यांचे कडक उद्गार आहेत. एरवीं लीलावतीची भाषा प्रेमळ असते. भ्रमर, हंस, कमळें व मोर यांनीं तिचीं उदाहरणें नटलेलीं असतात. तिच्यांत अशी शिवी यावी यावरून चुकीचें मूळ किती खोल रुजलें होतें व आचार्यांस ती किती बोंचत होती याचा अंदाज येतो.

आणि हें ते नुसतें रागावून सांगत नाहींत. समोरासमोरचे दोन कोन आंत दाबले तर त्यांस जोडणारा कर्ण आखडतो आणि उरलेले दोन कोन बाहेर सरून त्यांचा कर्ण वाढतो, हें ते गद्यांत उलगडून दाखवितात. हा प्रयोग कोणासहि करण्यासारखा आहे. तुराटीच्या चार सारख्या काड्या घेऊन त्यांचीं टोकें सुतळीनें सैलसर बांधावीं. चौरस उभा राहील. आतां दोन कोन बोटांनीं दाबावे. चौरसाचा शंकरपाळा होईल, शंकरपाळ्याची चिरी होईल, आणि शेवटीं काड्या एकमेकींस भिडून आंत जागाच उरणार नाहीं. बाजू २५ आणि एक कर्ण अवघा २ असेल तर क्षेत्रफळ ५० हूनहि किंचित् कमी भरतें. काड्या कोठेंहि तुटलेल्या नाहींत, त्यांची लांबी केसभरहि बदललेली नाहीं. पण ६२५ चे ५० झाले.

आचार्यांचा रोष कोणत्या नियमावर होता? चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज निमी करावी आणि त्या दोन निमपटींचा गुणाकार करावा, हा ढोबळ नियम फार जुना आहे. मिसर देशांत एडफू येथील देवळाच्या भिंतींवर देवस्थानच्या जमिनींचीं क्षेत्रफळें कोरलीं आहेत, तींहि याच रीतीनें काढलेलीं आहेत. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें हा नियम स्थूल म्हणून दिला आणि त्याबरोबर दुसरा सूक्ष्म नियम दिला: चारी बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यांतून एकेक बाजू वजा करून, चार बाक्यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ घ्यावें. ब्रह्मगुप्तास अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं ज्या चौकोनाचे चारी कोन एका वर्तुळावर बसतात त्यास हा दुसरा नियम तंतोतंत लागू पडतो, आणि तो गणिताच्या इतिहासांतील एक मोठा शोध आहे. पण मागून येणाऱ्यांनीं ती मर्यादा विसरून तो वाटेल त्या चौकोनास लावला. २५ बाजूच्या समभुज चौकोनास स्थूल नियम लावा कीं सूक्ष्म लावा, उत्तर ६२५ च येतें, मग चौकोन कितीहि चेपलेला असो. म्हणून भास्कराचार्यांनीं निक्षून सांगितलें कीं तो नियम त्रिकोणास खरा आहे, चौकोनास तो अस्फुट आहे.

येथें एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. ढोबळ नियमाची चूक कधीं कमी, कधीं जास्त अशी नसते. ती नेहमी वाढीच्याच बाजूची असते. काटकोनी शेतास तो बरोबर उत्तर देतो; इतर प्रत्येक शेतास खऱ्याहून अधिक क्षेत्र देतो. सारा घेणारास यांत तोटा कधींच नाहीं आणि देणारास फायदा कधींच नाहीं. समजा, पेशवाईच्या कोष्टकाप्रमाणें मोजणी चालली आहे: पांच हात पांच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. एका कुणब्याच्या शेताचे चारी बांध पंचवीस-पंचवीस काठ्या भरले. बांधांवरून हिशेब करणारा ६२५ काठ्या, म्हणजे १ बिघा ११ पांड ५ काठ्या मांडील. शेत जर नाल्याच्या वळणानें चेपलेलें असेल आणि त्याचा मोठा कर्ण ४८ काठ्या असेल, तर खरें क्षेत्र १६ पांड १६ काठ्या, म्हणजे बिघ्याच्याहि आंत. जवळजवळ दुप्पट सारा त्या कुणब्याच्या माथीं बसेल, आणि साक्षीला खऱ्या काठीनें मोजलेले चार खरे बांध असतील. कोणी खोटें बोललेलें नाहीं, काठी आखूड केलेली नाहीं. अन्याय मात्र पुरा झाला.

गंमत अशी कीं आचार्यांच्या स्वतःच्या परिभाषेंतहि याच जागीं एक फट राहिली आहे. लीलावतीच्या आरंभींच्या कोष्टकांत दहा हातांचा वंश आणि वीस वंशांच्या चार भुजांनीं बांधलेलें क्षेत्र तें निवर्तन, अशी व्याख्या आहे. तेथें कर्ण सांगितलेला नाहीं! पुढें त्यांनींच घातलेल्या कसोटीस लावलें तर ही व्याख्या अपुरी ठरते. क्षेत्र चौरस आहे हें रूढीवरून समजून घ्यावें लागतें. आचार्यांस दूषण देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. चार बाजू सांगितल्या म्हणजे सर्व कांहीं सांगितलें ही समजूत मनुष्याच्या बोलण्यांत किती सहज शिरते, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

मोजणी आणि विश्वास यांची फारकत झाली म्हणजे काय होतें हें खानदेशानें पाहिलेलें आहे. इंग्रजी अमलांत १८५२ सालीं या जिल्ह्यांत नवी पाहणी-मोजणी सुरू झाली, तेव्हां सावदें, फैजपूर, एरंडोल या बाजूच्या रयतेनें तिला उघड विरोध केला व तो मोडण्यास सरकारास फौज आणावी लागली. त्या दंग्याचें कारण क्षेत्रफळाचें सूत्र नव्हे. मोजणीमागोमाग सारा वाढेल ही धास्ती होती. पण साखळी घेऊन आलेला मनुष्य आपल्या शेताचें खरें माप लिहील असा भरंवसा रयतेस नव्हता, हें त्यांतून दिसतें. मठाचें माप प्रमाण मानावें असें दगडावर कोरून घेणाऱ्या पाटणच्या बाजारास असा भरंवसा मोलाचा वाटत होता.

वास्तविक त्या मोजणीचें तंत्र भास्कराचार्यांनीं मान्य केलें असतें. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शंकुसाखळीनें मोजणारा मनुष्य बांधांवरून फिरून थांबत नाहीं. तो शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आडवी ओळ टाकतो आणि शंकूच्या साह्यानें त्या ओळीवर दोहों अंगांच्या कोपऱ्यांपासून काटकोनांत लंब घेतो. ती ओळ म्हणजे कर्ण, आणि ते लंब म्हणजे लंबच. आचार्यांनीं मागितलेल्या दोन्ही गोष्टी येथें आल्या. वरच्या कुणब्याचें शेत या रीतीनें मोजलें तर कर्ण ४८, एका अंगाचा लंब ७, दुसऱ्या अंगाचा ७. ४८ ला १४ नें गुणून निम्मे केले कीं ३३६. पुढें साखळीच्या जागीं मीटर आले, गुंठ्याच्या जोडीस आर व हेक्टर आले, नवीं यंत्रें आलीं. पण शेताच्या पोटांतून एक माप घेतल्यावांचून त्याचें क्षेत्र कळत नाहीं, हा नियम कोणत्याहि यंत्रास चुकलेला नाहीं.

ही विद्या मराठींत आणण्याच्या कामीं धुळ्याचाहि वांटा आहे. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा अद्वितीय इतिहासग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शिक्षक होते, आणि त्यांच्या नोकरीचीं कांहीं वर्षें धुळ्यास गेलीं. विश्वविद्यालयाच्या मोठ्या पदव्या त्यांच्याजवळ नव्हत्या. मूळ ग्रंथ स्वतः तपासल्याखेरीज एक ओळहि लिहावयाची नाहीं ही शिस्त मात्र होती. भास्कराचार्यांच्या कुलाचा विचार मराठी वाचकास साधार वाचावयास मिळाला तो अशा शिक्षकामुळें. त्याआधीं साडेतीन शतकें, शके १४६७ त, कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें 'बुद्धिविलासिनी' ही लीलावतीवरील टीका लिहून एकेका नियमाची उपपत्ति मांडली होती. सूत्रास कारण जोडून देण्याची ही परंपरा आमच्याच प्रांताची आहे.

म्हणूनच शाळांतून समभुज चौकोन ज्या रीतीनें शिकविला जातो ती पाहून आम्हांस खेद वाटतो. दोन कर्ण आयते द्यावयाचे, गुणून निम्मे करावयास सांगावयाचें, आणि पुढच्या आकृतीकडे वळावयाचें, यांत गुणाकाराचा सराव होतो. क्षेत्र म्हणजे काय याची जाणीव होत नाहीं. लीलावतींत हाच प्रश्न उलट बाजूनें येतो. तेथें प्रथम बाजू मिळते, मग तिनें भागत नाहीं हें कळतें, मग विद्यार्थी स्वतः कर्ण धरतो आणि आपण धरलेल्या मापाबरोबर उत्तर बदलतें हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. खानदेशांतील शिक्षकांनीं वर्षांतून एकदां तरी मुलांच्या हातीं चार तुराट्या व थोडी सुतळी द्यावी, जवळच्या एखाद्या तिरक्या शेताचे बांध मोजून घ्यावे, मग कर्ण मोजावा, आणि दोन उत्तरांतील अंतर सारादेणाऱ्याच्या भाषेंत समजावून सांगावें. यास खर्च कांहीं नाहीं.

पाटणचा मठ कधींच नाहींसा झाला. तेथील बाजार मोडला, घाणे थांबले, मापारी गेले. आज देवीच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींपैकीं फार थोड्यांस येथें एके काळीं गणित शिकविलें जात होतें याची वार्ता असेल. पण ज्या मुलाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला, जो अपुऱ्या प्रश्नास उत्तर देण्याचें नाकारतो आणि आणखी एक माप मागतो, तो जोंवर जळगांव-धुळ्याच्या एखाद्या वर्गांत बसलेला आहे, तोंवर त्या मठाचें अध्यापन सर्वस्वीं बंद पडलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यास गुण कमी मिळूं नयेत, एवढीच गुरुजनांस आमची विनंति आहे.